कपाटाशेजारची खुर्ची

— नाही नाही, तुम्ही बसा, बाई, खोली तुमची आहे, मी कुठे पळून चाललोय. उभ्याउभ्या उरकण्यासारखं बोलणं नाहीये हे, तुमच्या तोंडावरच दिसतंय. ‘वर्ग भरण्याआधी जरा बोलू या का, सर’ म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं — मोठ्या बाईंनी निरोप दिलाय आणि तो तुमच्या गळ्यात मारलाय. मुख्याध्यापकांची जुनी खोड आहे ती, कडू औषध दुसऱ्याच्या हातून पाजायचं. आणि निरोप काय आहे तेही मला माहितीय. पुढच्या मंगळवारपासून मी येऊ नये. बरोबर? — नाही, मान हलवू नका. अजून तुम्ही सांगितलेलं नाही आणि मी ऐकलेलं नाही, तोवर मी इथलाच आहे. आपला वर्ग मधल्या सुट्टीनंतर ना? मग आहे वेळ. आधी मला बोलू द्या. फाशीच्या कैद्यालासुद्धा शेवटचं विचारतात काहीतरी.

गेल्या मंगळवारी माझी चूक झाली, कबूल. पण कुठली चूक, ते तुम्ही एक सांगाल आणि मी एक. तुमचं म्हणणं — मागे गप्प बसायला आलेला म्हातारा मध्येच गायला लागला, मुलं फिदीफिदी हसली, गाण्याचा बोजवारा उडाला, आणि वार्षिक कार्यक्रम तर तोंडावर आलाय. खरं आहे. माझं म्हणणं त्याच्या जरासं आधीचं आहे. तुम्ही त्या मुलीपाशी गेलात — खिडकीकडची, जाड आवाजाची, पोरं जिला भोंगा म्हणतात ती — आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणालात, ‘तू नुसते ओठ हलव हं.’ ओरडला असतात तर मी बसून राहिलो असतो, खरं सांगतो. ओरडणारे मास्तर मी पोत्याने पाहिलेत. पण तो ‘हं’ — तो ‘हं’ ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. अहो, त्या मुलीने मान डोलावली. चालेल म्हणाली ती. आठ वर्षांची मुलगी, तिला सांगितलं तू गाऊ नकोस, आणि ती म्हणते चालेल.

ती बेसूर नाहीये, बाई. गाणं वरच्या पट्टीत आहे. कार्यक्रमात चमकदार वाटतं म्हणून ते वर चढवून ठेवलंय, आणि तिचा गळा राहतो तळमजल्यावर. तिला तो जिना चढता येत नाही, म्हणून ती खालूनच चालते — पण सरळ चालते, तुमच्या ओळीच्या बरोबर खालून, वळणाला वळण घेत. वर्षभर ऐकतोय मी. एकदाही वाकडी गेलेली नाही. तुमच्या त्या कीबोर्डवर एक बटण आहे, ते दाबलं की अख्खं गाणं खाली येतं. ते दाबायचं. तेवढंच करायचं होतं. — हो, मग बाकीच्यांना खाली जाईल, माहितीय. चाळीस मुलं, एक तास, समोरच्या रांगेत मोठ्या बाई आणि पाहुणे, सगळ्यांना स्वच्छ आवाज हवाय, आणि निवड करायची वेळ येते तेव्हा एकीला गप्प करणं सोपं. मी तुम्हाला एकटीला दोष देत नाहीये. जगातले सगळे वार्षिक कार्यक्रम तोंड मिटलेल्या मुलांवर चाललेत. टाळ्या वाजतात त्या उरलेल्यांना.

मग मी काय केलं? तिच्या पट्टीत ती ओळ धरली. मोठ्याने नाही, तिच्यापर्यंत पोचेल एवढीच. तिने मागे वळून पाहिलं आणि — तुम्हाला ऐकू आलं असेल की नाही, माहीत नाही, गलका होता — तिने ती उचलली. अर्धी ओळ आम्ही दोघं बरोबर होतो. अगदी बरोबर, मध्ये कागद जाणार नाही इतकं. मग पोरं हसली आणि संपलं. अर्धीच ओळ. पण मी तुम्हाला सांगतो, घरी जाताना बसमध्ये माझा स्टॉप कधी गेला ते — असो. ते तुमच्या कामाचं नाही.

माझं पुस्तक होतं ना तुम्हाला प्रशिक्षणाला? वर्गनिरीक्षणाचं, निळ्या पुठ्ठ्याचं? — नापास? त्याच पेपरात? अहो, लाजता काय, तो पेपर मीच काढायचो. नापास झालात म्हणजे तुमची अक्कल शाबूत राहिली. जे पहिल्या वर्गात आले ते सगळे बँकेत आहेत. नाही, गंमत करतोय, पण फार गंमतही नाही त्यात. संगीताचे शिक्षक मी वर्षानुवर्षं तयार केले, आणि भेटले की सांगतात, सर, सध्या गणित घेतोय. सर, सध्या वाहतूक समितीवर आहे. एकाने तर सांगितलं, सर, संगीताचा तास अजून आहे वेळापत्रकात, त्या तासाला आम्ही चाचण्या तपासतो. अभ्यासक्रम समितीत होतो मी, ठाऊक आहे तुम्हाला? एका लांबलचक टेबलाभोवती दिवसभर भांडलो की मुलांनी रोज गायला पाहिजे, रोज, दहा मिनिटं का होईना, जसे दात घासतात तसं. संध्याकाळी सगळे दमले आणि म्हणाले, सरांचं म्हणणं पटलं. मसुदा आला. त्यात लिहिलं होतं, ‘आठवड्यातून एक तास, शक्य असल्यास.’ शक्य असल्यास. अहो, ते दोन शब्द म्हणजे उंदराच्या बिळाला ठेवलेलं दार. आत गेलेला तास पुन्हा कुणी बाहेर आलेला पाहिला नाही. मी सभात्याग केला. म्हणजे उठलो, बाहेर गेलो, छत्री आत राहिली होती म्हणून परत आलो. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं मी गेलो होतो ते.

आणि परिषदा. संगीतशिक्षणाच्या परिषदा, बाई, तीन-तीन दिवसांच्या, गळ्यात पट्टे, पट्ट्याला नावं. गाण्याने मुलांचा मेंदू कसा फुलतो, गाण्याने समाज कसा जवळ येतो, पडद्यावर आलेख, आलेखाला रंग. शेवटच्या दिवशी एका उत्साही माणसाने माइकवर सांगितलं, चला, समारोप म्हणून आपण सगळे मिळून एक गाणं म्हणू. सगळे उभे राहिले. मी मागच्या रांगेत होतो, माझी जागा तीच. आणि मागून काय दिसलं असेल मला? आवाज फक्त माइकवाल्याचा. बाकी अख्खं सभागृह, सगळे प्राध्यापक, सगळे तज्ज्ञ — नुसते ओठ हलवत होते.

मी? मीही. मी तर निरीक्षक.

हसू नका, नियम आहे तो. दुसऱ्या प्रकरणात आहे, तुम्ही नापास झालात म्हणून सांगतो. निरीक्षकाने मागे बसावं, कपाटाच्या, पडद्याच्या, कशाच्या तरी आडोशाला. मुलांशी बोलू नये. त्यांची नावं विचारू नयेत, बसायच्या जागेवरून ओळखावं. ताल धरू नये. हसू तर मुळीच नये, कारण मागे बसलेला माणूस हसला की मूल मास्तरला सोडून त्याच्यासाठी गायला लागतं, आणि मग तुम्ही वर्ग बघत नसता, तुमचंच प्रतिबिंब बघत असता. हे सगळं पाळलं की काय होतं? पहिल्या आठवड्यात मुलं माना मोडून मागे बघतात. दुसऱ्या आठवड्यात चोरून बघतात. आणि मग विसरतात. तुम्ही कपाट होता, भिंत होता. आणि मग दिसतो खरा वर्ग, जो मास्तरलाही कधी दिसत नाही — कोण कुणाचा सूर चोरतं, कोण नुसता शेवटचा शब्द म्हणतं, कोण गाणं संपल्यावर हळूच एकटं परत म्हणतं. माझी सगळी नोकरी या एका वाक्यावर उभी आहे, बाई. मुलं विसरतात. लोक मला विचारायचे, तुम्हाला हे इतकं छान कसं जमतं? मी म्हणायचो, सवय. खरं तर सवय नाही, अंगचंच होतं ते. घरी पाच भावंडांत मी मधला. मधल्याला शिकवावं लागत नाही.

हं? — कुठला अभ्यास चालू आहे म्हणून विचारतायत मोठ्या बाई? म्हणजे सध्या? आता चालू म्हणजे... कुणी काढलं हे? — असं. कुणाच्या तरी वडिलांनी विचारलं, संगीताच्या तासाला मागे बसतात ते कोण. चांगला प्रश्न आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही विचारला असता, जरा वरच्या आवाजात विचारला असता. आणि मग मोठ्या बाईंनी परवानगी शोधली आणि ती सापडली, पण तिची मुदत — हो. हो, गेलीय मुदत. बरीच गेलीय. अभ्यास संपला, बाई. मी निवृत्त झालो तेव्हाच संपला. अहवालही गेला. कुठे म्हणजे, वर गेला. वर गेलेलं खाली येत नाही, ते सोडा. अभ्यास संपला, पण मंगळवार कुठे संपतो? तो दर आठवड्याला येतोच. मी सकाळी उठलो, शर्टाला इस्त्री केली, बस पकडली, शिपायाने नेहमीसारखं फाटक उघडलं. तुमच्या आधीच्या बाईंनी काही विचारलं नाही. तुम्ही नवीन आलात, तुम्हाला वाटलं हे आधीपासूनच आहेत, खोलीबरोबर आलेत. मी कपाट झालो होतो ना. कपाटाला कोण विचारतं, बाबा रे, तुझी मुदत कधीपर्यंत?

आणि खरं सांगू — नाही, हे त्यांना सांगू नका. सुट्टीतसुद्धा मी आलो होतो. मोठ्या सुट्टीत. शाळा बंद आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं, असं मी शिपायाला सांगितलं. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खोली उघडून दिली. बसलो. तासभर बसलो, मग निघालो. काय केलं? निरीक्षण केलं. खोलीचं. पंख्याचा एक बारीक आवाज येतो, तो कीबोर्डच्या एका सुरात लागतो, कधी ऐकलाय? तुमच्या वर्गात तो कधीच ऐकू आला नसता. पुढच्या मंगळवारी परत आलो तेव्हा शिपायाने विचारलंही नाही, किल्ली घेऊनच उभा होता. चांगला माणूस आहे. फार काही बोलत नाही. बोलला असता तर गेलो नसतो मी.

घरी? घरी आहे की सगळं. म्हणजे घर आहे. बायको मुलीकडे असते. नातू झाला तेव्हा तीन महिन्यांसाठी गेली, आता नातू शाळेत जातो. भांडण? छे. भांडायला समोर माणूस लागतो. ती तिथे रमलीय, आणि तिने का रमू नये. ती गाते तिथे, मुलगी सांगते. नातवाला अंघोळ घालताना गाते, भाजी चिरताना गाते. इथे कधी गायली नाही. म्हणजे गुणगुणायची, पण मी दारात आलो की थांबायची. म्हणायची, ‘आले परीक्षक.’ मी कधी एक शब्द बोललो नाही हो तिच्या गाण्याला. चांगलं नाही, वाईट नाही. नुसता उभा राहायचो. मला वाटायचं, उभा राहिलो की ती विसरेल. विसरली नाही ती. माणसं विसरत नाहीत, मुलं विसरतात. आता रविवारी फोन येतो. ती नातवाला सांगते, आजोबांना गाणं म्हणून दाखव. आणि तिकडून काहीच येत नाही. नुसता श्वास येतो. लहान मुलाचा फोनवरचा श्वास माहितीय ना, भात्यासारखा. मीही काही बोलत नाही, त्याला दडपण नको म्हणून. मग ती फोन घेते आणि म्हणते, झोप आलीय त्याला. सकाळी अकरा वाजता झोप येते त्याला, दर रविवारी.

हे मी कशाला सांगतोय तुम्हाला. तुम्ही पाणी पिता का? मी पितो.

हं. बरं, सांगा आता. जे सांगायला पाठवलंय ते सांगा, मी ऐकतो, ऐकण्यातला मी तज्ज्ञ आहे. — हं. — हं. ‘नियमात बसत नाही.’ बरोबर. ‘सरांविषयी आदरच आहे.’ असणारच, आदर असल्याशिवाय कुणी कुणाला काढत नाही. आमच्या विभागातही शाल, नारळ... जाऊ दे, भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारावर ‘मूल्यमापन कक्ष’ अशी पाटी होती. गोंद ओला होता अजून. ठीक आहे. मी मोठ्या बाईंवर रागावलो नाही, तुमच्यावर तर नाहीच. मंगळवार मोकळा झाला, एवढंच. बाकीच्या वारांसारखा झाला. तुम्ही नका डोळे — अहो, बाई, काय हे. माझी पिशवी कुठे ठेवली मी? —

काय म्हणालात? परत सांगा.

मी? — वर्ग घ्यायचा? या मुलांचा? पुढे उभं राहून? — तुम्ही विचारलंत मोठ्या बाईंना? स्वतःहून? आणि त्या हो म्हणाल्या? मागे बसायचं नाही, पण शिकवायला यायला हरकत नाही, तुमच्याबरोबर, मंगळवारचा एक तास. अच्छा. अच्छा. नाही, म्हणजे — तुम्ही हे का केलंत? मी तुमचा वर्ग उधळला. — तिला पट्टी उतरवून बघितली? कधी? काल? आणि? — बघा. सांगितलं होतं की नाही. मग काय म्हणाली ती? — हसली नुसती. हं. ती हसली की कशी दिसते मला माहीत नाही. मागून पाठ दिसते फक्त. मी त्या मुलीला पाठीवरून ओळखतो. गाताना तिचा डावा खांदा जरा वर जातो.

नाव सांगू नका. नको, खरंच नको. नाव कळलं की मग ते घेऊन घरी जावं लागतं.

बघा, वर्ग घ्यायचा म्हटलं तर — मी आधी गाणं घेणारच नाही. नुसता आवाज. एकेकाला विचारेन, तुझा आवाज कुठे राहतो, सकाळी उठल्यावर आईला हाक मारतोस ना, ती कुठल्या सुरात मारतोस, तो तुझा घरचा सूर. तिथून सगळे एकमेकांच्या घरी जाऊन यायचं. पाहुणे म्हणून. कुणाला जिना चढायला लावायचा नाही पहिल्या दिवशी. मग चाळीस घरं झाली की — हे सगळं आहे माझ्या डोक्यात, तीस-पस्तीस वर्षं आहे, तिसऱ्या आवृत्तीत थोडं घातलंही होतं, कुणी वाचलं नाही. होईल म्हणता? तुम्ही कीबोर्डवर बसाल? मी पुढे, तिथे, त्या फळ्यापाशी...

नाही, बाई. नाही जमणार.

वेळ आहे हो, वेळेचं काय, वेळ मापून विकायला काढला तरी उरेल. तब्येत उत्तम आहे. तसं नाही. मी कधी वर्ग घेतलेला नाही. — मोठ्यांना घेतलेत, भावी शिक्षकांना, मुलांना कसं शिकवावं हे शिकवत आलो, ते वेगळं. मुलांना नाही. एकदा घेतला, प्रशिक्षणात असताना, सक्तीचा असतो तो पाठ. फळ्यापाशी उभा राहिलो आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या वर्गाने, एकदम. माझ्याकडे तोपर्यंत कधी एवढ्या डोळ्यांनी कुणी बघितलेलं नव्हतं, आमच्या घरात तर एका वेळी दोन डोळेही मिळायचे नाहीत. तोंड उघडलं आणि जो आवाज आला तो माझा नव्हता, बिजागरीचा होता. हसले सगळे. मुलं हसतातच. पर्यवेक्षकांनी शेरा दिला, ‘निरीक्षणशक्ती चांगली.’ तेव्हापासून मी मागे आहे. लोक म्हणतात हा माणूस संगीतशिक्षणातला अधिकारी. अहो, मी पोहण्यावर ग्रंथ लिहिलेला माणूस आहे, काठावरून.

— गेल्या मंगळवारी गायलो ते? ते मागून. मागून कुणी बघत नाही. ती मुलं मला ओळखतही नाहीत, बाई, त्यांच्या लेखी मी नाहीच. उद्या मी फळ्यापाशी उभा राहिलो तर विचारतील, हा कोण बाबा? म्हणून म्हणतो —

काय?

काय म्हणतात मला?

कपाट. — कपाटआजोबा. हं. म्हणजे — सगळी म्हणतात? पहिल्यापासून? मी बसतो तेव्हासुद्धा त्यांना माहीत असतं की मी — थांबा, थांबा. पैज? कसली पैज लावतात? — मला हसवायची.

नीट सांगा मला. — दर मंगळवारी एकाची पाळी. पेन्सिल नाकात धरून डोलणारा तो तिसऱ्या रांगेतला. तो माझ्यासाठी? मी त्याच्याविषयी लिहिलंय, बाई. मी लिहिलंय की ‘लयीचा अनावर शारीरिक आविष्कार’. आणि ती शेवटचा शब्द लांबवून तोंड फुगवणारी? तीही? आणि गाणं संपल्यावर हळूच परत म्हणणारा, माझा आवडता, ज्याच्यावर मी निबंध वाचला, परदेशात वाचला — तो माझ्याकडे बघून म्हणायचा? मी खाली मान घालून टिपून घेत असायचो. मी वर बघितलंच नाही.

म्हणजे कुणीच विसरलं नव्हतं.

इतक्या शाळा, बाई. इतक्या खोल्या. त्या सगळ्या पोरांनी... नाही, मी ठीक आहे. जरा बसतो. पुस्तकाचं दुसरं प्रकरण फाडून टाकायला हवं, आणि दुसरं गेलं की पुढची काय, पत्त्यांचा बंगला. मला खरं तर आत्ता भयंकर वाईट वाटायला हवं.

एक सांगा. कुणी जिंकलं का?

— कधीच नाही?

एकही नाही.

हं.

घंटा झाली वाटतं. आल्या का रांगा? काचेतून दिसतायत, हो, नाकं चिकटवलीत काचेला. तीच का ती, पुढची? नका सांगू. — नाही बाई, वर्ग मी घेणार नाही. तुम्ही चांगलं केलंत, तुमचे उपकार मी मानतो, पण नाही. तुम्ही घ्या. बटण दाबत जा, एवढं करा. पट्टी खाली गेली म्हणून कुणाचं बिघडत नाही, आणि पाहुण्यांना काय कळतंय. मी निघतो.

या खोलीला दार एकच आहे, नाही?

त्यांच्यातूनच जावं लागेल. बाई, एक करता का, त्यांना जरा भिंतीकडे तोंड करून उभं करा, मी पटकन जातो, मला अर्धं मिनिट —

नको. राहू द्या. आहेत तशीच राहू द्या. उघडा दार.